इंदुताईंनी बसवलेला दांडा

मित्रांनो, गोठ्याच्या भिंतीला टेकून उभी असलेली ती जुनी कुऱ्हाड म्हणजे मी. जन्माआधी मी ट्रकच्या स्प्रिंगचा मोडका पाटा होते. कामठीच्या रस्त्यावरच्या एका लोहाराने मला भट्टीत लाल केले, ठोकून धार काढली आणि बाबारावांच्या हाती दिले. त्यांनी मला धावड्याच्या चिवट लाकडाचा दांडा घातला.

नागपूरजवळच्या या लहानशा गावात मी पुष्कळ कामे केली. बाभळीच्या फांद्या तोडल्या, कुंपणाचे खुंट टोकदार केले, हिवाळ्यात आंघोळीच्या पाण्यासाठी लाकडे फोडली. संध्याकाळी बाबाराव मला पुसून दांड्यावर जवसाचे तेल चोळायचे. त्यांची पत्नी इंदुताई दुरून विचारायच्या, "लाकडाले तेल काहून पाजता?" बाबाराव नुसते हसायचे.

पुढे काचबिंदूने बाबारावांची दृष्टी गेली. ते अंगणातल्या खाटेवर बसून राहू लागले. बोलणेही आटले. मला कोणी पुसेना, तेल लावीना. दांडा वाळून आकसला आणि मला दांड्यावर घट्ट धरणारी पाचर कधी गळून पडली, ते कळलेही नाही.

एका थंड सकाळी लाकडे फोडायला इंदुताईंनीच मला उचलले. पहिला घाव बसला. दुसऱ्यासाठी त्यांनी मला उगारले मात्र, मी दांड्यातून सुटले आणि खाटेजवळ मातीत रुतले. बाबारावांच्या पायापासून अगदी वीतभर अंतरावर! मित्रांनो, मी लोखंडाची. पण त्या वेळी माझ्या अंगात थंडी भरली.

इंदुताई खाटेकडे धावल्या. "भंगारवाल्याले देऊन टाकतो हिले!" त्या रडतच म्हणाल्या.

बाबारावांनी चाचपडत मला मातीतून काढले. भोकातून बोट फिरवले. "हिचा काय दोष? दांडा आकसला, पाचर गेली. बसव पुन्हा."

"मी?"

"मंग कोण? मी सांगतो, तू कर."

इंदुताईंनी डोळे पुसले आणि प्रश्नांना सुरुवात केली. "पाण्यात बुडवली तर? लाकूड फुगून घट्ट होईन ना?"

"आज होईन. वाळलं का पुन्हा ढिल्लं."

मग इंदुताईंनी मला दांड्यावर अडकवले आणि बाबारावांनी सांगितले तसे मला खाली लोंबते धरून दांड्याच्या वरच्या टोकावर लाकडी मोगरी हाणली. प्रत्येक ठोक्याला मी दांड्यावर थोडी वर सरकले!

"अवं माय! ठोकून रायली मी वरून, अन् हे खालून वर कशी चढते?"

"मले काय माहीत?" बाबाराव म्हणाले. "चढते, एवढं खरं."

दोघेही हसू लागले. त्या अंगणात कितीतरी महिन्यांनी हसू ऐकू आले. मी का चढले, ते मलाही अजून उमगलेले नाही. तुम्हाला कळले तर मला जरूर सांगा.

इंदुताईंनी नवी पाचर तासून ठोकली. बाबारावांनी बोटाने मला टिचकी मारली, कान जवळ नेला आणि म्हणाले, "खडखड नाई. आता घाव घाल."

"तुम्ही आत जा आधी."

"काहून? तू बसवली ना? मी इथंच बसतो."

 इंदुताईंनी खाट जरा मागे ओढली, पाचर पुन्हा दाबून पाहिली, पुन्हा एकदा पाहिली. मग दात आवळून मला उगारले. मी दांड्याला सारा जीव एकवटून धरले. खाडकन आवाज झाला आणि ओंडक्याची दोन शकले झाली. बाबारावांनी पायसुद्धा हलवला नव्हता.

"बसली!" इंदुताई ओरडल्या.

त्या दिवशी बाबाराव खाटेवरून उठले. भिंत धरत गोठ्याकडे गेले, फावड्याला हात लावला, विळ्याच्या धारेवरून अंगठा आडवा फिरवला. "इंदू, धार लावाची कानस कुठं हाये वं? हे सारेच बेजार हायेत."

मित्रांनो, अवजार कोपऱ्यात पडले की ते निकामी झाले, असे समजू नका. आम्हाला थोडे तेल द्या, धार द्या, काम संपल्यावर कोरडी जागा द्या. आम्ही हाका मारू शकत नाही. कोपऱ्यात बसलेली माणसेही बहुधा हाका मारत नाहीत. तुम्हीच जवळ या आणि विचारा.