भाडेकरूसकट घर

उभं आयुष्य चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर काढण्यात गेल्यावर त्याच्या मनाने घेतलं, की आता दुसरं घर घ्यायचं. राहायला नव्हे, भाड्याने द्यायला. म्हातारपणी कुणापुढे हात पसरायला लागू नये, एवढंच.

"आधी आपल्या मोरीची फरशी बदला," बायको शिलाई मशीनवरून मान न उचलता म्हणाली. पण तिने मोडता घातला नाही.

दलालाने दाखवलेलं घर दोन खोल्यांचं, तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. आत चित्रकलेचे निवृत्त मास्तर आणि त्यांची बायको भाड्याने राहत होते. तिच्या अर्ध्या अंगावरून वारं गेलेलं, खिडकीशी पडून असायची.

जिन्यात दलाल हळूच म्हणाला, "भाडेकरूसकट आहे म्हणून तर स्वस्तात पडतंय. त्यांची मुदत संपतच आलीये. रंग मारायचा, नवी माणसं आणायची. भाडं बघा कसं चढतं!"

कर्ज काढून व्यवहार झाला. घर खाली करा म्हणायला तो गेला, तेव्हा मास्तरांनी चहा टाकला. तो रंगाबद्दल बोलला, पाण्याच्या टाकीबद्दल बोलला, पण मूळ विषयाला हात घालवेना. शेवटी मास्तरच म्हणाले, "घर रिकामं हवंय ना? तुमचंच आहे. एवढं अवघडू नका."

तो भांडणाच्या तयारीने गेला होता. त्या तयारीचं आता काय करायचं, हेच त्याला कळेना.

"राहू द्या की त्यांना," घरी बायको म्हणाली.

"आणि हप्ते कोण भरणार? तुझे काका?"

"काकांना कशाला मध्ये ओढता?"

ती पुन्हा मशीनकडे वळली.

सामान हलवायच्या दिवशी हमालांनी कपाट, पलंग, चित्रांच्या फळ्या भराभर उतरवल्या. बाईंना उचलायला मात्र ते तयार होईनात. "माणूस नाही उचलत आम्ही, साहेब. काही झालं तर आमच्या गळ्यात यायचं."

मग त्यांना जुन्या साडीने खुर्चीला बांधलं. एक बाजू मास्तरांनी धरली, दुसरी त्याने. मास्तरांचे हात थरथरत होते, म्हणून प्रत्येक वळणावर खुर्ची टेकवावी लागे. एका वळणावर बाई त्याच्याकडे बघून काहीतरी म्हणाल्या. बोलणं जड, त्याला उमगेना.

मास्तर धापा टाकत म्हणाले, "ती विचारतेय, तुम्ही राहायला कधी येताय? पुढच्या खोलीत दुपारचं ऊन येतं. मुलांना बरं, म्हणते."

"पुढच्या महिन्यात," तो म्हणाला. खरं सांगायला त्याची जीभच रेटेना.

बाई चेहऱ्याच्या चालत्या बाजूने हसल्या.

टेम्पो त्यांना मास्तरांच्या पुतण्याच्या घरी घेऊन गेला. तिथे गॅरेजमागची एक खोली त्यांना मिळाली होती.

घराला रंग लागला. माणसं यायची, भिंतींवरून हात फिरवायची, जिना उतरताना म्हणायची, "कळवतो." कुणी कळवलं नाही. शेजारीच लिफ्टवाल्या नव्या इमारती उभ्या राहिल्या होत्या, त्यांच्यापुढे याला कोण विचारतो! दलाल आधी "थांबा जरा" म्हणाला, मग फोन उचलेनासा झाला. रिकाम्या घराचे हप्ते भरता भरता नवराबायको मेटाकुटीला आली.

"मास्तरांनाच परत बोलवा," एक दिवस बायको म्हणाली. "पूर्वीच्याच भाड्यात. वर चढवायला मीही येते हवं तर."

दुकान बंद ठेवून तो गेला. मास्तर गॅरेजच्या दाराशी स्टुलावर बसून कसल्याशा पाटीवर अक्षरं रंगवत होते. त्याने सगळं एका दमात सांगून टाकलं. मास्तरांनी ब्रश पुसला.

"मनात आणलंत, बरं वाटलं. पण मला एकट्याला आता दोन खोल्या काय करायच्यात?"

मास्तरांनी पुन्हा पाटी जवळ ओढली. मग तो निघाला.

घरी त्याने बायकोला सांगितलं. मशीन थांबलं.

"कधी गेल्या हो?"

ते त्याने विचारलंच नव्हतं.