पिवळ्या रंगाखालची गाठ

मी एक जुना रंधा आहे. सध्या माझा मुक्काम काचेच्या कपाटात असतो, आणि माझ्या अंगावर इतके पॉलिश चढवले आहे की मला माझ्याच लाकडाचा वास येत नाही. पण मित्रांनो, माझे आयुष्य काचेत सुरू झाले नव्हते.

थोरल्या मिस्त्रींनी मला शिसवीच्या तुकड्यातून स्वतः घडवले. पाते लोहाराकडून आणले, पण मूठ आपल्या पंजाच्या मापाने कोरली. त्यामुळे दुसऱ्या कुणाच्या हातात मी कधी नीट बसलोच नाही. अपवाद एकच, त्यांची मुलगी. तिचे हात बापावर गेले होते. सगळे तिला ताई म्हणत.

आमच्या कारखान्यात शिड्या होत. रंगाऱ्यांसाठी, वायरमनसाठी, दुकानांतल्या उंच फळ्यांसाठी. चढणाऱ्याच्या हातात कुसळ जाऊ नये म्हणून पायऱ्या गुळगुळीत करायच्या, हे माझे काम. मिस्त्री ख्रिस्ती होते. सोमवारी काम सुरू होण्याआधी ते उभ्याउभ्या एक प्रार्थना करीत, इतकी छोटी की कामगारांचा चहाही निवत नसे. ते म्हणत, प्रभू स्वतः सुताराच्या घरात वाढला, त्याला लाकडातली लबाडी लगेच कळते.

त्यांचा एक नियम होता. शिडीला रंग लावायचा नाही, फक्त तेल. रंगाखाली लाकडातली गाठ लपते, आणि पायरी मोडते ती गाठीपाशीच. शिवाय विकण्याआधी प्रत्येक शिडीवर ते स्वतः चढत आणि एकेका पायरीवर उभे राहून पाहत. देहाने ते चांगले भारी होते. बायको म्हणे, जरा कमी जेवा. ते म्हणत, मग धंदा बुडेल.

एकदा एका व्यापाऱ्याला घाईने वीस शिड्या हव्या होत्या. लाकूड अजून ओले होते. व्यापारी म्हणाला की त्यांच्यावर चढणारा काय तुमच्या ओळखीचा आहे? मिस्त्री शांतपणे म्हणाले, "ओळखीचा असता तर जपून चढ म्हणून सांगता आलं असतं. ओळखीचा नाही, म्हणूनच लाकूड वाळू दे."

व्यापारी दुसरीकडे गेला. मिस्त्रींचा मुलगा, ताईचा भाऊ, फुरंगटून बसला. तेव्हा मिस्त्रींनी दोन्ही मुलांना जवळ बोलावले आणि सांगितले, "देवानं आपल्याला हा धंदा दिला तो लोकांनी वर चढावं म्हणून. लोकांच्या खांद्यावरून आपण वर चढावं म्हणून नाही."

ताईने ते ऐकले. मुलानेही ऐकले असेल, पण ऐकणे आणि मनावर घेणे यात फरक असतो.

पुढे मिस्त्रींचे गुडघे गेले. कारखाना मुलाच्या हाती आला. नवीन यंत्रे आली, त्याचे मला दुःख नाही. यंत्र माझ्याहून झपाट्याने काम करते, हे मान्य करायला हवे. पण स्वस्त, गाठाळ लाकूड येऊ लागले. गाठींत पुट्टी भरायची आणि वरून झकास पिवळा रंग मारायचा, अशी रीत पडली. शिडीवर चढून पाहणे बंद झाले. प्रत्येक शिडीवर मात्र एक छोटा क्रूस छापला जाऊ लागला. सोमवारची प्रार्थना ध्वनिक्षेपकावर होऊ लागली आणि चांगली लांबली.

ताई भावाला म्हणाली, "अरे, तो क्रूस नको छापूस, नाहीतर पुट्टी तरी नको भरूस. दोन्ही एका शिडीवर शोभत नाहीत."

त्याने तिला सांगितले की तुला बाजार कळत नाही. महिन्याभरात ताईने कारखाना सोडला आणि ती घराच्या पडवीत खुर्च्या दुरुस्त करू लागली. मुलाने मला पॉलिश करून कचेरीतल्या कपाटात ठेवले. खाली पाटी लावली, 'आमचा वारसा'. येणारे-जाणारे माझे कौतुक करीत. इतके कौतुक मिस्त्रींच्या हातात असताना कधी झाले नव्हते.

एके दिवशी दुपारी एक बाई कचेरीत आली. तिचा नवरा रंगारी, आमचे जुने गिऱ्हाईक. तिने पिशवीतून मोडकी पायरी काढून टेबलावर ठेवली. मोडल्या जागी सुपारीएवढी गाठ होती आणि तिच्याभोवती पांढरी पुट्टी. नवरा दोन मजल्यांच्या उंचीवरून पडला होता. कमरेखाली आता त्याला काही जाणवत नव्हते.

"ते दुसऱ्यांची शिडी ठोकून बघायचे," ती म्हणाली. "तुमची कधी बघितली नाही. मिस्त्रींची शिडी आहे म्हणायचे."

मुलगा म्हणाला की आम्ही त्यांच्यासाठी प्रार्थना करू.

"प्रार्थना माझी मी करते," ती म्हणाली. "तुम्ही शिड्या नीट करा."

थोरले मिस्त्री त्या वेळी कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले होते. त्यांनी ती पायरी मांडीवर घेतली, गाठीवरून अंगठा फिरवला. मग मुलाला म्हणाले की सगळ्या पिवळ्या शिड्या परत मागव. मुलगा म्हणाला, नाव जाईल. मिस्त्री म्हणाले, "नाव गेलंय. आता माणसं जाऊ नयेत."

मुलाने दुकानांची यादी दिली नाही. ताईला आठवत होती तेवढी दुकाने तिने टेम्पोत बापाला बसवून पालथी घातली. आधी दोघे रंगाऱ्याच्या घरी गेले. तिथे काय बोलणे झाले ते ताईने कुणाला सांगितले नाही. त्यांना त्रेसष्ट शिड्या मिळाल्या. अंगणात त्या त्यांनी करवतीने कापल्या. विकल्या गेल्या होत्या चारशेच्या वर.

हिवाळ्याअखेर मिस्त्री गेले. ताई कचेरीत येऊन म्हणाली, बाकी मला काही नको, हा रंधा दे. मुलगा म्हणाला, तो कंपनीचा वारसा आहे. कपाटाला त्याने कुलूप घातले. शिड्या अजून पिवळ्याच होतात. आता क्रुसाखाली बारीक अक्षरांत छापतात, 'स्वतःच्या जबाबदारीवर चढावे'.

मित्रांनो, माझ्यासारखे आत्मकथा सांगणारे इतर जण शेवटी म्हणतात, आमची निगा राखा. माझी निगा उत्तम राखली जाते. दर शनिवारी मला मऊ फडक्याने पुसतात. माझे मागणे वेगळे आहे. तुमच्या घरी, शाळेत, देवळात कुठे पिवळी शिडी भिंतीला टेकलेली असेल, तर तिच्यावर कुणाला चढू देण्याआधी एकेका पायरीचा रंग खरवडून पाहा. क्रूस असेल तर जरा जास्तच खरवडा.