एकाच हुकावरच्या दोन बाटल्या

मित्रांनो, मी उभा राहून राहून थकलो आहे. मी सलाईनचा एक जुना स्टँड आहे. बसणं, टेकणं माझ्या नशिबी नाही. ज्या दिवशी मला आडवं करतील, त्या दिवशी भंगारातच काढतील.

माझा जन्म एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. एका वेल्डरने माझ्या नळीला पाय जोडले, माथ्यावर हुक वळवले आणि मला इतकं चकाकवलं की माझ्यात बघून त्याने स्वतःच्या मिशा सारख्या केल्या. मग मी या दवाखान्याच्या अतिदक्षता विभागात आलो. सुरुवातीला माझं भारी कौतुक. "तो नवा आणा गं, लोण्यासारखा सरकतो," असं म्हणून सिस्टर मला मुद्दाम मागून घ्यायच्या. आता माझ्या एका चाकात केस आणि दोरे गुंतून बसले आहेत. मला सरळ ढकललं तर मी भिंतीकडे जातो. "म्हातारा आडमुठा झालाय," असं म्हणतात, आणि रिकामा दिसलो की माझ्यावर ओले रेनकोट टांगतात. टांगू देत. त्याचं मला काही वाटत नाही.

मला सांगायचं आहे ते एका पावसाळ्याबद्दल.

त्या पावसाळ्यात माझ्या शेजारच्या पलंगावर एक कुलूपवाले काका आले. किल्ली घासताना कानस तळहातात घुसली होती. काकांनी जखमेवर चिंधी बांधली आणि काम चालू ठेवलं. हात सुजला, ताप चढला, माणूस बरळायला लागला, तेव्हा काकूंनी त्यांना आणलं.

"हातातला संसर्ग सगळ्या अंगाला भोवलाय," डॉक्टर मॅडम म्हणाल्या. "याला सेप्सिस म्हणतात. रक्तदाब टिकत नाहीये."

माझ्या हुकावर सलाईनच्या पिशव्यांवर पिशव्या चढल्या. प्रतिजैविकं सुरू झाली, रक्तदाब वाढवणारं औषध सुरू झालं. तरी दाब वर येईना आणि काकांचं अंग मात्र फुगत चाललं. काकूंना नवऱ्याची बोटं ओळखू येईनात.

"एवढं पाणी चढवताय, ते जातंय कुठे?" त्यांनी विचारलं.

"रक्तवाहिन्या झिरपायला लागल्यात, काकू. पाणी आत थांबत नाही, बाहेर मांसात उतरतं."

"म्हणजे गळकी बादली!"

"तसंच समजा. आता अल्ब्युमिन देऊन बघू. लोकांनी दिलेल्या रक्तातून काढलेलं प्रथिन असतं ते. पाण्याला आत धरून ठेवायला थोडी मदत करतं. प्रत्येकाला त्याचा उपयोग होतोच असं मात्र नाही."

मग माझ्या हुकावर काचेची एक छोटी बाटली आली. आत मधासारखं पिवळसर पाणी. ते हळूहळू उतरलं. दुसऱ्या दिवशी आणखी एक बाटली लागली. हळूहळू काकांचा दाब सावरला, लघवी व्हायला लागली. एका सकाळी त्यांनी डोळे उघडले आणि पहिलं वाक्य बोलले ते असं: "दुकानाला कुलूप लावलंस का?"

काकू हसत हसत रडल्या. मॅडमनी समजावलं की हाताची जखम वेळेत उघडून साफ केली, प्रतिजैविक लागू पडलं, काकांचं शरीरही लढलं. काकूंनी मान डोलावली खरी, पण त्यांच्या मनात पिवळी बाटली पक्की बसली होती.

काकांना साध्या वॉर्डात हलवलं. त्यांच्याबरोबर मीही कुरकुरत गेलो. काकूंना आता गप्प बसवेना. येणाऱ्याजाणाऱ्याला त्या बाटलीची गोष्ट सांगायच्या. तिथेच, पिण्याच्या पाण्याच्या नळापाशी, त्यांना एक तरुण मुलगी भेटली. तिची आई कपडे इस्त्री करायची. अंगात कणकण होती, कंबर दुखत होती, तरी "गिऱ्हाइकाचे कपडे द्यायचेत" म्हणत बाई उभीच राहिली. मूत्रपिंडातला संसर्ग रक्तात गेला. घरात या दोघीच.

"रडू नकोस," काकूंनी तिचा हात धरला. "मॅडमना सांग, पिवळी बाटली लावा. आमचे हे बघ, काल पेज प्यायले!"

मुलीचा चेहरा एकदम उजळला. तो चेहरा मी विसरू शकत नाही.

अतिदक्षता विभागात स्टँड कमी पडत होते, म्हणून मला परत नेलं आणि त्याच इस्त्रीवाल्या बाईंच्या उशाशी उभं केलं. मुलीने मॅडमना गाठलंच.

"देणारच आहोत," मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज दमलेला होता. "आईंना सलाईन खूप लागलंय, त्यामुळे अल्ब्युमिन द्यायचं ठरलंच होतं. पण बाळ, सगळी मदार त्या बाटलीवर ठेवू नकोस. एकाला जे लागू पडतं ते दुसऱ्याला पडेलच असं सांगता येत नाही."

मुलीने फक्त "देणारच आहोत" एवढंच ऐकलं.

बाटली लागली. तोच हुक, तसाच मधाचा रंग. मुलगी माझ्यासमोर उभी राहून थेंब बघत राहिली. एक पडला की दुसऱ्याची वाट बघायची. शेवटी सिस्टर तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "थेंब मी बघते. तू आईकडे बघ. बोल तिच्याशी."

मुलगी वळली. आईच्या बोटांवर इस्त्रीच्या चटक्यांचे जुने डाग होते. त्यांवरून हात फिरवत ती सांगू लागली, "आई, गठ्ठे सगळे पोचवले गं. तुझी चौकशी करत होते सगळे." आईच्या पापण्या हलल्यासारख्या वाटल्या. मला तरी तसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाई गेल्या. कुणी काही कमी केलं नव्हतं. मॅडमचे हात शेवटपर्यंत थांबले नव्हते.

पडदे ओढले आणि मला बाहेर बोळात ढकललं. रिकामी बाटली हुकावर तशीच होती. मुलगी भिंतीला टेकून खाली बसली होती. बातमी कळताच काकू धावत आल्या.

"काकू, तीच बाटली होती," मुलगी म्हणाली. "मी नाव वाचलं होतं. तीच होती. मग आमच्या बाटलीत काय कमी होतं?"

  काकू कष्टाने खाली, तिच्या शेजारी फरशीवर बसल्या.

"मला काय कळतंय गं," त्या म्हणाल्या. "मी आपली आनंदात बोलत सुटले."

 मुलीने डोकं काकूंच्या खांद्यावर टाकलं. वॉर्डातून आयाबाई सांगत आल्या, "काका जेवायला थांबलेत." काकू म्हणाल्या, "त्यांना म्हणावं, डावा हात चांगला आहे, त्याने जेवा. मी हिच्याबरोबर जातेय." आणि त्या खरोखरच गेल्या. पुढचे सगळे सोपस्कार संपेपर्यंत त्या मुलीला त्यांनी एकटं सोडलं नाही.

त्यानंतर माझ्यावर कितीतरी बाटल्या चढल्या आणि उतरल्या. कुणी चालत घरी गेलं, कुणी नाही. का, ते मला माहीत नाही. मॅडमनाही दर वेळी माहीत असतंच असं नाही, आणि तसं त्या स्पष्ट सांगतात.

मित्रांनो, माझ्या चाकातले केस जमलं तर काढा, नाही जमलं तरी चालेल. पण हाताला चीर पडली, तापाने अंग मोडलं, तर "होईल बरं" म्हणत उभे राहू नका. उभं राहायला मी आहे. आणि कधी कुणाच्या उशाशी बसायची वेळ आली, तर माझ्याकडे बघू नका. माझ्यावर औषध टांगतात, माणूस खाली असतो.