गोल्याचा फोटो

मी एक फोटो आहे. तळहाताएवढा, काळापांढरा. माझ्यात ना नाक, ना डोळे. आहे तो पाच दिवसांचा एक गोल भ्रूण. मूल होण्यासाठी उपचार करणाऱ्या दवाखान्याच्या लॅबमध्ये, सूक्ष्मदर्शकाखाली मला टिपलं.

त्या नवरा-बायकोचा तो तिसरा प्रयत्न. या खेपेला दोनच भ्रूण पाचव्या दिवसापर्यंत तगले होते. लॅबच्या मॅडमनी नवरा-बायकोला ते पडद्यावर दाखवले. एक रेखीव, दुसऱ्याची कड उसवल्यासारखी.

"हे काय, चुरगळलेलं?" बायको म्हणाली. "मला पहिल्याचाच फोटो द्या."

असा मी तिच्या पर्समध्ये आलो. घरी तिने नाव ठेवलं, गोल्या. नवरा मला उलटासुलटा करून म्हणाला, "नाक तुझ्यावर गेलंय."

"नाक यायचंय अजून."

कितीतरी दिवसांनी दोघं एकदम हसली.

दोन्ही भ्रूणांच्या मोजक्या पेशी काढून तपासायला पाठवल्या होत्या आणि भ्रूण गोठवून ठेवले होते. तीन आठवड्यांनी डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट वाचला. गोल्यात एक गुणसूत्र कमी होतं. असा गर्भ सहसा रुजत नाही, रुजला तर टिकत नाही. दुसऱ्याची गुणसूत्रं पुरी होती.

तिने मला टेबलावर ठेवलं. "पण हा किती छान दिसतोय."

"दिसण्यावरून थोडाफार अंदाज येतो, ताई. गुणसूत्रं अशी नजरेला दिसत नाहीत."

दुसरा तिच्या पोटात ठेवला. ती जपून चालायची, शिंकसुद्धा जपून द्यायची. बोलायची मात्र माझ्याशीच. बाराव्या दिवशी रक्त तपासलं. तो रुजला नव्हता.

"सगळं नीट असूनही कधीकधी होत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

महिन्याभराने दोघं पुन्हा दवाखान्यात गेली. गोल्याला यापुढे गोठवून ठेवू नये, अशा कागदावर तिने सही केली. मग मॅडमना हळूच विचारलं, "त्या दुसऱ्याचा फोटो आहे का हो?"

मॅडमनी तो छापून दिला. बाकावर बसून ती बराच वेळ बघत राहिली.

"मी याला नावं ठेवली," ती नवऱ्याला म्हणाली. "नाव नाही ठेवलं."

त्याने तिची पर्स स्वतःच्या खांद्याला अडकवली.

आता आम्ही दोघे कपाटात एकाच पाकिटात असतो. बाई, पाकीट उघडशील तेव्हा आधी त्याला बाहेर काढ. माझे लाड झालेत.