करंजांची रांग

पहिली खुर्ची काच फोडून आत आली ती थेट औषधांच्या ट्रॉलीवर. बाटल्या फुटल्या, स्पिरिटचा उग्र वास पसरला आणि बाळंतिणींच्या वॉर्डातली सगळी पोरं एकदम रडायला लागली. दुसरी खुर्ची चंद्रप्रकाश वॉचमनच्या पाठीत बसली. तो वाकला, तशी कुणीतरी त्याचीच काठी हिसकावून त्याच्या डोक्यात घातली. वॉर्डाच्या दारात उभ्या असलेल्या नलिनी परबला तो आवाज नारळ फुटल्यासारखा ऐकू आला.

"डॉक्टरीण कुठाय? बाहेर काढा तिला! आज सोडत नाय!"

डॉक्टरीण म्हणजे गंधाली. ती नलिनीच्या मागेच उभी होती. सकाळी अक्षता नावाची बाई तिच्या हाताखाली मुलीला जन्म देऊन रक्तस्रावाने गेली होती. गंधालीने रक्ताच्या पिशव्यांवर पिशव्या चढवल्या, पोटावर मूठ दाबून धरली, पण रक्त थांबलं नाही. कधी कधी नाही थांबत. नलिनीने आपल्या नोकरीत हे दोन-चारदा पाहिलं होतं. गंधाली पहिल्यांदाच पाहत होती, आणि तिच्या ॲप्रनवरचे डाग अजून पुरते वाळले नव्हते.

"मावशी, मी बोलते त्यांच्याशी. समजावून सांगते."

"त्यांच्या कानात आता काय शिरणार नाय, माझ्या बाय. चल."

"पण पेशंट्स..."

"पेशंटना कोण हात लावत नाय. त्यांना तू हवीस. चल म्हणते ना!"

नलिनीने तिचं मनगट धरून मागच्या दाराने तिला ओढतच नेलं. मागे झाडांच्या रांगेच्या टोकाला एक पत्र्याची खोली होती. बादल्या, झाऱ्या, शेणखताची पोती, असलं सामान तिथे असायचं. गंधालीला पोत्यांच्या आड ढकलून नलिनीने बाहेरून कडी घातली आणि दाराला पाठ लावून पायरीवर बसली.

समोर तिचे करंज होते.

ती या रुग्णालयात आया म्हणून लागली तेव्हा मुलुंडचा हा पूर्वेकडचा भाग खाडीपर्यंत उघडाबोडका होता. मिठागरांवरून वारा यायचा तो खारट, आणि तो फिरला की डंपिंगच्या कचऱ्याचा वास. वॉर्डाच्या खिडक्या पश्चिमेला. दुपार कलली की ऊन सरळ खाटांवर यायचं. ओल्या बाळंतिणी घामाने निथळायच्या, तान्ह्यांच्या पाठी घामोळ्यांनी लाल व्हायच्या. आया मंडळी चादरी भिजवून खिडक्यांना बांधायच्या, त्या चहा होईपर्यंत कोरड्या. तेव्हाच्या मोठ्या सिस्टर पद्मजाबाई एकदा कपाळ पुसत म्हणाल्या होत्या, "नलू, आपल्याकडे औषधापेक्षा सावलीचा तुटवडा आहे गं."

ते वाक्य नलिनीच्या मनात बरीच वर्षं नुसतं राहिलं. निवृत्तीला आली तेव्हा कुठे तिने फावडं हातात घेतलं. आंबा लावला, तो जळला. सोनचाफा लावला, तोही जळला. खारी माती सगळं खाऊन टाकायची. मग गावाहून येताना तिने करंजाच्या शेंगा आणल्या. गावच्या खाडीकाठी पाण्यात पाय सोडून उभे असलेले करंज तिने लहानपणी पाहिले होते. ते रुजले. निवृत्त झाली तरी ती रोज येत राहिली. ट्रस्टींनीही येऊ दिलं.

पाण्यासाठी तिने एक रीत पाडली होती. तिच्या माहेरी पोर जन्माला आलं की परसात त्याच्या नावाने माड लावत. इथे परस कुठून आणायचं? पण बाप तर होते. बायको आत कळा सोसत असली की बाप बाहेर येरझाऱ्या घालतो, नखं खातो, वॉचमनशी भांडण काढतो. नलिनी त्याच्या हातात बादली द्यायची.

"मी काय माळी वाटलो का मावशी?"

"माळी नाय, बाप वाटलास. तिकडे ती एवढं करतेय आणि तुला एक बादली जड झाली होय रे?"

लाजत, हसत, कुरकुरत सगळेच घालायचे. वर्षा-दोन वर्षांनी कुणीतरी पोराला कडेवर घेऊन यायचा आणि विचारायचा, "मावशी, हिचं झाड कुठलं?" झाडं बघता बघता खिडक्यांच्या वर गेली. वॉर्डातला पंखा दुपारी गार वारा द्यायला लागला. आता करंजांना पाण्याची तेवढी गरज उरली नव्हती, तरी रीत म्हणून चालू होतं.

आज सकाळी तिने प्रीतमला पाठवलं होतं. अक्षताचा नवरा. राहायला भांडुपला, मूळचा कुडाळकडचा, तिच्याच मुलखातला. मागच्या नळाला पाणी नव्हतं, म्हणून तिने त्याला पार गेटजवळच्या टाकीवर धाडलं. तेवढ्यातच आत घात झाला. अक्षताने दोनदा त्याचं नाव घेतलं. सिस्टर बाहेर येऊन हाका मारून गेली. प्रीतम दोन्ही हातांत भरल्या बादल्या घेऊन परतला तेव्हा मुलगी झाली होती, आणि तिची आई शुद्धीत नव्हती. ती पुन्हा शुद्धीवर आलीच नाही.

आता तोच समोर उभा होता. त्याच्याबरोबर त्याचा थोरला भाऊ जयवंत, हातात लोखंडी सळई घेतलेला, आणि मागे त्यांच्या चाळीतली माणसं.

"मावशी, दार उघड," प्रीतम म्हणाला.

"नाय."

"उघड म्हणतो ना!"

"ती पोरगी तुझ्या बायकोसाठी कोपरापर्यंत रक्तात होती रे. तिने नाय मारलं."

"म्हातारीला काय विचारत बसलायस?" जयवंत ओरडला. "फेक बाजूला!"

त्याने सळई उगारली. नलिनीने उजवा हात डोक्यावर धरला. सळई हातावर बसली. आत काहीतरी कट्‌ झालं आणि तिच्या डोळ्यांपुढे पांढरं आलं. ती कलंडली, पण पाठ दारालाच राहिली. जयवंतने सळई पुन्हा वर नेली.

"थांब दादा!" प्रीतमने त्याला अडवलं. मग तो नलिनीवर वाकला. त्याची थुंकी तिच्या तोंडावर उडत होती. "तुझ्या झाडाला पाणी घालत होतो मी! ती हाका मारत होती, आणि मी तुझ्या झाडाला... ह्या... ह्या..."

तो वळून जवळच्या करंजाकडे बघायला लागला. दाराकडे बघताना त्याच्या डोळ्यांत संताप होता. झाडाकडे बघताना जे होतं ते त्याहून वाईट होतं. नलिनीने ते पाहिलं.

सुक्या फांद्या काढायला आणलेली तिची कुऱ्हाड पायरीलाच टेकून होती. तिने डाव्या हाताने ती ओढली. गर्दी मागे सरकली. तिने दांडा प्रीतमपुढे धरला. कुऱ्हाड हातात आल्यावर तो झाडाकडे वळेल की दाराकडे, हे तिला ठाऊक नव्हतं.

"प्रीतम," ती म्हणाली, आणि तिच्या तोंडून गावची बोली आली, "तुका तोडूचाच आसा मां? मगे ह्या झाड तोड. तिका सोड."

त्याने कुऱ्हाड घेतली. एक क्षण तो दाराकडे बघत राहिला. नलिनीने डोळे मिटले नाहीत.

पहिला घाव करंजावर पडला.

मग तो थांबेचना. साल उडाली, आतलं पांढरं लाकूड उघडं पडलं, ढलप्या त्याच्या तोंडावर आपटू लागल्या. प्रत्येक घावाला त्याच्या छातीतून आवाज निघायचा, बाळंतिणीच्या कळेसारखा. मांडीएवढं खोड शेवटी कललं आणि खिडकीचे गज घासत खाली आलं. नलिनीला वाटलं, झालं. पण मागच्या माणसांना आता काम सापडलं होतं. त्यांनी दुसरं झाड वाकवलं, सळयांनी झोडपलं, फांद्या पिरगाळून तोडल्या. कुणी मोटारसायकलला दोर बांधून तिसरं मुळापासून ओढलं. तिने एकच देऊ केलं होतं. त्यांनी रांग घेतली.

पोलीस आले तेव्हा पांगापांग झाली. प्रीतम मात्र तोडलेल्या फांद्यांत बसून राहिला होता. त्याच्या हातातून कुऱ्हाड काढायला दोघे लागले. कडी उघडली तशी गंधाली शेणखताने माखलेली बाहेर आली आणि नलिनीचं अंग चाचपू लागली.

"मला वाटलं, ते घाव तुमच्यावर... मी आत मोजत होते मावशी..."

"नाय गं. आहे मी."

इन्स्पेक्टरने विचारलं, "हात कुणी मोडला?"

"त्याच्या भावाने. जयवंत नाव. नीट लिहून घ्या."

"आणि ही कुऱ्हाड कुठून आली त्याच्याकडे?"

"माझी आहे. मी दिली."

"तुम्ही दिलीत?"

"दुसरं काय होतं साहेब द्यायला?"

दुसऱ्या दिवशी दुपारी ती प्लास्टरमधला हात गळ्यात अडकवून वॉर्डात आली. घरी बस म्हणून सगळ्यांनी बजावलं होतं. फुटलेल्या काचेला पुठ्ठा लावला होता, पण पश्चिमेच्या खिडक्या तशाच होत्या. त्यांतून ऊन आत आलं होतं, फरशीवरून खाटांवर चढलं होतं. बायका कुशी बदलत होत्या, पदराने वारा घेत होत्या. खिडकीजवळच्या पाळण्यात अक्षताची मुलगी होती. तिला न्यायला अजून कुणी आलं नव्हतं. तिच्या चेहऱ्यावर ऊन आलं तसे तिने डोळे घट्ट मिटले आणि ओठ वाकडे केले.

नलिनी खिडकी आणि पाळण्याच्या मध्ये जाऊन उभी राहिली. तिची सावली पोरीच्या तोंडावर पडली. पोरीच्या कपाळावरची आठी सुटली.

"मावशी, बसा ना खुर्चीवर," सिस्टर म्हणाली. "किती वेळ उभ्या राहणार?"

"बसते गं," नलिनी म्हणाली.

ऊन थोडं सरकलं. तीही तेवढीच सरकली.