मला बिजागऱ्या कुणी लावल्या?

मी एक जुना दरवाजा आहे, मित्रांनो. घराचा नव्हे, नाटकातला. आणि आधीच सांगतो, मी चिडलेला आहे. गोड गोष्ट ऐकायची असेल तर दुसऱ्या कुणाकडे जा.

मला सुतारकाकांनी घडवले. चौकट, फळ्या, कडी, सगळे अगदी खऱ्यासारखे केले; फक्त बिजागऱ्या लावल्या नाहीत. मला चौकटीत खिळ्यांनी पक्के ठोकले. "जे दार उघडायचंच नाही, त्याला बिजागरी कशाला?" असे म्हणून ते हात झटकून मोकळे झाले.

ते नाटक एका आईचे होते. तिचा मुलगा भांडून घर सोडून गेलेला असतो. दोन अंक ती त्याच्यावर राग धरून जगते, एकटीच जेवते, शेजारणीने त्याचे नाव काढले की विषय बदलते. शेवटच्या प्रवेशात दारावर थाप पडते. मुलगा परत आला आहे, हे तिलाही कळते आणि प्रेक्षकांनाही. ती उठते, माझ्यापाशी येते, कडीवर हात ठेवते आणि पडदा पडतो. ती दार उघडते की नाही, यावर लोक वाद घालत घरी जात.

आईचे काम माई करत. मुलाचे काम टकटकमामा करत, म्हणजे माझ्या मागे अंधारात उभे राहून थाप देत. त्यांचे तोंड प्रेक्षकांनी कधी पाहिले नाही, पण त्या थापेत अख्खा मुलगा होता. आधी मूठ, हक्काच्या घरावर मारतात तशी. मग जरा थांबून नुसता तळहात. आणि शेवटी एका बोटाने, ऐकू येईल न येईल अशी टकटक. ती ऐकली की माईंच्या खांद्यांतला ताठा उतरत असे. माझ्या पाठीवर त्या बोटाची एक गुळगुळीत जागा झाली आहे.

मग त्या नाटकाचा चित्रपट निघाला आणि आमच्याच नाट्यगृहात लागला. माझ्यापुढे पांढरा पडदा टांगला होता, म्हणून मी तो मागून, उलटा पाहिला. खोटे कशाला बोलू, काही गोष्टी त्याला छान साधल्या होत्या. आईच्या पापणीची थरथर मागच्या रांगेतल्या माणसालाही दिसली. आमच्याकडे ती पहिल्या रांगेच्या पलीकडे कधी गेली नाही. पण शेवट? तिथे दार उघडले. बाहेर देखणा मुलगा, डोळ्यांत पाणी, गळ्यात गळा आणि व्हायोलिनांचा नुसता गोंगाट. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. नाटक माणसाला काहीतरी विचारत होते. चित्रपटाने उत्तर त्याच्या हातात कोंबले आणि त्याला घरी पाठवले.

इथवरही मी गप्प बसलो असतो. त्यांचा चित्रपट, त्यांची मर्जी. पण तो पाहून आमच्या प्रयोगाला आलेले लोक कुरकुरू लागले, की हे काय, दार उघडलंच नाही. आमच्या मॅनेजरने लगेच टोपी फिरवली.

"माई, आता दार उघडायचं. लोकांना तेच हवंय."

"आणि बाहेर कोण उभं राहणार?" माईंनी विचारले.

"नवा मुलगा घेतलाय. चेहरा छान आहे."

"मग मामांचं काय?"

"मामा विंगेत बसतील. तिथे एक फळी ठेवू, तिच्यावर ठोकतील. आता या वयात त्यांना तुमचा मुलगा म्हणून दाखवू का?"

टकटकमामा एवढेच म्हणाले, "बरं." त्या 'बरं'चा मला मॅनेजरपेक्षा जास्त राग आला.

मला आडवा पाडून बिजागऱ्या बसवल्या. त्यातही घोळ घातला. तालमीत मी घराच्या आत उघडलो आणि नव्या मुलाचा छान चेहरा माझ्याच आड गेला. पुन्हा स्क्रू काढले, माझ्या अंगाला पुन्हा भोके पाडली आणि मला बाहेर उघडायला लावले.

नव्या शेवटाच्या पहिल्या प्रयोगाला नाट्यगृह तुडुंब भरले होते. विंगेत मामांनी फळीवर थाप दिली. ती फळीसारखीच वाजली. माईंनी कडी काढली, मी करकरत उघडलो. नवा मुलगा डोळ्यांत ग्लिसरीन घालून, हात पसरून उभा होता. टाळ्यांचा कडकडाट झाला.

"आई," तो म्हणाला. आता माईंनी त्याला मिठी मारायची होती.

माईंनी त्याला पायांपासून डोक्यापर्यंत पाहिले. "कोण हवंय तुम्हाला? घर चुकलं असेल. पुढे विचारा."

आणि त्यांनी मला धाडकन लावून घेतले.

माई मला पाठ लावून उभ्या राहिल्या. त्यांची धडधड मला कळत होती. मग मागे फळी खाली ठेवल्याचा आवाज आला. मामांनी नव्या मुलाला हाताने बाजूला सारले. मूठ. तळहात. एक बोट. माई वळल्या, त्यांनी कडीवर हात ठेवला आणि पडदा ओढणाऱ्याने, कुणाला न विचारता, पडदा टाकला.

मॅनेजर तणतणत आला. "माई, हा काय तमाशा?"

"आईला ओळख पटली नाही. मी काय करू?"

तेवढ्यात मामांनी मला बाहेरून ओढले. मी उघडलो आणि ते रंगमंचावर आले. त्या नाटकात ते माझ्या अलीकडे पहिल्यांदाच उभे होते. "यापुढे दार उघडायचं असेल," ते म्हणाले, "तर थाप तुमची तुम्ही द्या."

"मग नाटक बंद."

"बंद तर बंद."

नाटक बंद झाले. मी गोदामात भिंतीला टेकून आहे आणि माझा राग अजून उतरलेला नाही. मित्रांनो, नाटक पाहा, चित्रपटही पाहा. पण ज्याने जास्त दाखवले तोच मोठा, असे समजू नका. मामांचे काम कुणाला दिसले नाही, तरी ते काम होते. तुमच्या आसपासही असे न दिसणारे कुणीतरी असेल. त्याला जपा. त्याच्या हातात फळी देऊन त्याला कोपऱ्यात बसवायला निघालात, तर एवढे लक्षात ठेवा: माझ्या बिजागऱ्या अजून कुणी काढलेल्या नाहीत, आणि आता मला तोंडावर आपटताही येते.