नानांच्या अंगणातली वाट

नाना नाचणकर वारले त्या दुपारी त्यांच्या अंगणातली वाट लांबली. कुमुदताई बिवलकर बाजारातून घरी येत होत्या. कुंपणाच्या बेड्यातले आडवे बांबू स्वतःच सारून त्या आत शिरल्या आणि चालू लागल्या. समोर त्यांचं घर दिसत होतं, ओटीवरचा झोपाळा दिसत होता, पण जवळ काही येईना. पिशवीतली माठाची जुडी सुकली. शेवटी कंटाळून त्या मागे वळल्या, तर एका पावलात पुन्हा बेड्याशी.

या वाटेपायी दोघं अर्धं आयुष्य भांडली होती. घरी जायला दुसरा रस्ता नाही म्हणून कुमुदताईंनी दावा लावला आणि जिंकल्या. जाण्याचा हक्क त्यांचा, आणि हाक आली की बेडं काढायचं कर्तव्य नानांचं. त्यानंतर दोघांत बोलणं उरलं ते एवढंच.

"नाना, वाट!"

"काढतो हो, काढतो. कोर्टाचा हुकूम ना!"

कुरकुर करी, पण मेल्यानं एकदाही ताटकळत ठेवलं नाही.

कुमुदताई तडक जोगळेकर वकिलांकडे गेल्या. वकील जेवत होते.

"हक्क शाबूत आहे तुमचा," भातावर ताक ओतत ते म्हणाले. "पण त्याचं दुसरं टोक नानांनी धरलं होतं. आता ते कुणीच धरलेलं नाही."

"मग धरायचं कुणी?"

"नानांना वारस?"

"नाही."

"तुमचं कुणी?"

कुमुदताई आठवत बसल्या. वकिलांचा भात संपला, हात धुऊन झाले, तरी एक नाव सुचेना. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"तर मग तुम्हीच बसा तिथे," वकील म्हणाले. "कोण बसलंय हे कायदा बघत नाही."

त्या परत आल्या आणि नानांच्या ओटीवर नानांच्या खुर्चीत बसल्या. तशी वाट चटईसारखी गुंडाळत आली आणि पूर्वीएवढी झाली. हुश्श करून त्या उठल्या, घराकडे पाऊल टाकलं, की वाट पुन्हा लांबली. बसल्या की जवळ, निघाल्या की लांब. असं किती वेळा केलं कोण जाणे. मग त्या बसूनच राहिल्या आणि पदर तोंडाशी धरून रडल्या. घरासाठी नव्हे, नानांसाठी. हाकेला ओ देणारं तेवढं एकच माणूस होतं त्यांना.

तिन्हीसांजेला बेड्याशी चपला थांबल्या.

"नाना, वाट!"

आवाज ओळखीचा होता. आपला इतका करडा असतो हे त्यांना ठाऊक नव्हतं.

"काढतो हो, काढतो," कुमुदताई म्हणाल्या आणि गुडघ्यावर हात देऊन उठल्या. बांबू काढून त्या बाजूला उभ्या राहिल्या. बाईच्या पिशवीत ताजा माठ होता. ती त्यांच्याकडे न बघता सरळ पुढे गेली, आणि जरा वेळानं समोरच्या घरात दिवा लागला.